मालिनीचे डोळे

आमच्या भावोजींना लग्नात फोटो काढायला कोणी बोलवत नसे. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये ज्या स्टुडिओत ते नोकरीला होते, तिथे तुळशीचं लग्न लागलं की कामाची नुसती झुंबड उडायची. पण शेठ दुसऱ्या माणसांना पाठवायचा आणि भावोजींना म्हणायचा, "टिपणीस साईं, आप बैठो. आप का काम अलग है." ते अलग काम म्हणजे मेलेल्या माणसांचे फोटो. चिंतामणी टिपणीस म्हटलं तर अंबरनाथ-बदलापुरात कोणी ओळखलं नसतं. 'तो शेवटचा फोटोवाला' म्हटलं की लगेच डोक्यात प्रकाश पडायचा. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग लावून ते आमच्या कानसईतल्या गल्लीतून निघाले की ओट्यावरचे म्हातारे उगाच जोरात खोकून दाखवायचे, आम्ही अजून आहोत म्हणून.

मी उमा, त्यांची मेहुणी. ऑर्डनन्स फॅक्टरीत क्लार्क, लग्न न केलेली, आणि तोंडाने फटकळ. हे शेवटचं लोक म्हणतात म्हणून लिहिते, मला स्वतःला तसं वाटत नाही.

माझी थोरली बहीण मालिनी ब्याऐंशी साली काविळीने गेली. मूलबाळ नव्हतं. भावोजी एका खोलीत एकटे राहिले. सकाळी चहा, दुपारी स्टुडिओतल्या पोरांबरोबर काहीतरी, रात्री खिचडी. मी सणावाराला डबा नेऊन द्यायचे. तो घेताना ते "कशाला त्रास घेतलास" म्हणायचे आणि धुतलेला डबा दुसऱ्या दिवशी आमच्या दारात ठेवून जायचे, बेल न वाजवता. बोलायचा माणूस नव्हताच तो. मालिनी होती तेव्हा तीच दोघांचं बोलायची.

त्यांचं काम काय होतं ते सांगते, कारण आता ते कोणी करत नाही. तेव्हा बदलापूर गावात, सोनिवलीत, आजूबाजूच्या पाड्यांवर कितीतरी माणसं आयुष्यात एकदाही फोटो न काढता मरायची. मग तिरडी बांधायच्या आधी घाईघाईने भावोजींना निरोप यायचा. ते स्टुलावर उभे राहून वरून चेहऱ्याचा फोटो घ्यायचे. पण मिटल्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर लावायचा नाही, यावर सगळ्यांचं एकमत. म्हणून घरचे सांगायचे, "डोळे उघडून द्या." भावोजी बारीक ब्रश घेऊन मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे काढायचे. त्यासाठी ते विचारायचे, डोळे कसे होते हो? आणि आयुष्यभर एका छपराखाली राहिलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. कोणी म्हणायचं, "होते की, डोळ्यांसारखे डोळे." मला हे ऐकून हसू यायचं. भावोजींना येत नसे.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात उल्हास नदीला मोठा पूर आला. पुरात वरून लाकडं वाहून येतात आणि गावातली माणसं आकड्याने ती काठाला ओढून घेतात, वर्षाची चूल त्यावर निघते. बदलापूर गावातली बनू नावाची एकोणीस वर्षांची पोर असाच एक ओंडका ओढायला गेली आणि ओंडक्याबरोबर तीच ओढली गेली. संध्याकाळपर्यंत खाली एका करंजाच्या फांद्यांत अडकलेली सापडली. तिची आई सुंदराबाई विधवा, ही एकच लेक. भावोजींना बोलावणं आलं.

म्हाताऱ्या माणसांचे डोळे ब्रशने काढले तर चालून जायचे, तशीही नजर विझलेलीच असते. पण या पोरीच्या चेहऱ्यावर काढलेले डोळे चिकटवलेल्या टिकल्यांसारखे दिसायला लागले. भावोजींनी पुन्हा पुन्हा पुसले, पुन्हा काढले. सुंदराबाईला जाऊन विचारायचा धीर झाला नाही. शेवटी त्यांनी मालिनीची निगेटिव्ह बाहेर काढली.

मालिनीचा तो फोटो त्यांनीच काढला होता, लग्नानंतर लगेच, स्टुडिओत. "हलू नका बाई, इकडे बघा," असं गिऱ्हाइकाला म्हणतात तसं ते तिला म्हणाले आणि तिला हसू फुटलं. ते दाबून ती समोर बघते आहे, असा तो फोटो. ओठ मिटलेले, सगळं हसू डोळ्यांत. त्या फोटोतले नुसते डोळे त्यांनी बनूच्या मापाचे करून छापले, ब्लेडने कापले, तिच्या चेहऱ्यावर बसवले, कडा ब्रशने मिळवून घेतल्या आणि त्याचा पुन्हा फोटो काढला. सांधा कुठेही कळत नव्हता. सुंदराबाईने तो हातात घेतला, बराच वेळ बघितला, कपाळाला लावला आणि काही न बोलता आत नेऊन ठेवला. भावोजी समजले, आईला पटला.

त्यानंतर ते तसंच करत गेले. बाईमाणूस असेल आणि डोळे कसे होते ते कोणाला सांगता येत नसेल, की मालिनीचे डोळे. म्हातारी असेल तर भोवती सुरकुत्या जास्त. कोणाच्या कधी लक्षात आलं नाही. उलट नाव झालं. लोक म्हणायचे, या माणसाच्या हातात जादू आहे, मेलेलं माणूस जिवंत होऊन बघतं.

यातलं मला काहीही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसायचं की एकलकोंडा माणूस दर रविवारी कॅमेरा घेऊन बदलापूरला जातो. मला बरंच वाटायचं, घराबाहेर तरी पडतात. तिथे ते कोणी न सांगता फोटो काढायचे. कधीतरी मी हट्ट केला की ट्रंकेतून काढून दाखवायचे. एका म्हाताऱ्याचा फोटो होता, बायकोच्या सरणासाठी परसातला आंबा पाडलेला, आणि हा त्याच्या खोडावर बसून चिलीम भरतो आहे. एक होता नदीवर दहावं करून परतणाऱ्या माणसांचा. मागे राहिलेला भात एक बगळा खातो आहे आणि कोणाचं लक्ष नाही. आणि सुंदराबाईचा, नारळी पौर्णिमेला गुडघाभर पाण्यात उभी राहून नदीला नारळ सोडताना. मी म्हटलं, "जिने पोर नेली तिला नारळ?" भावोजी म्हणाले, "मीही विचारलं. ती म्हणाली, हिच्यावर रुसून जाऊ कुठं, पाणी तर हिचंच पितो." शेठला हे फोटो दाखवले तेव्हा त्याने सगळे उलटसुलट बघितले आणि विचारलं, "अच्छा है, लेकिन इसमें पार्टी कौन है?"

एक्क्याण्णव साली आमच्या ऑफिसातल्या पद्मजाने सत्यनारायणाला बोलावलं. तिचं सासर बदलापूर गावात. तीर्थप्रसाद घेऊन मी भिंतीला टेकून बसले आणि समोर बघितलं. दारावर नऊवारीतल्या एका बाईंचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. पद्मजा म्हणाली, "आमच्या सासूबाई. इतक्या कडक होत्या ना, सगळं घर चळाचळा कापायचं. पण फोटोत बघ कशा छान आल्यात. आत्ता हसतील असं वाटतं."

मला आधी वाटलं उपासाने चक्कर येते आहे. त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यातून मालिनी माझ्याकडे बघत होती. लहानपणी आई रागावत असताना आईच्या पाठीमागे उभी राहून बघायची तशीच. माझ्या हातातला प्रसाद तसाच राहिला. मी विचारलं, "फोटो कोणी काढला?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच मला उत्तर कळलं होतं.

मी तिथून थेट भावोजींच्या खोलीवर गेले. ते चहा गाळत होते. मी चप्पलही न काढता म्हटलं, "माझी बहीण तुम्ही प्रसादासारखी वाटून टाकलीत?"

त्यांनी गाळणं खाली ठेवलं. खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "कोणाकडे बघितलीस?"

"कोणाकडे? म्हणजे किती जणांकडे आहे?"

मग त्यांनी सगळं सांगितलं, बनूपासून. मी खूप बोलले. लोक त्या फोटोंना आई म्हणून नमस्कार करतात, पोरगी म्हणून रडतात आणि तुम्ही त्यांना फसवता, हे बोलले. मालिनीला कोणी विचारलं होतं का, हेही बोलले. ते ऐकून घेत होते. माझी दमछाक झाली तेव्हा ते म्हणाले, "उमा, रविवारी मी तिकडे जातो ना, ते तिला बघायला जातो. कोणाकडे चहा घेतो, कोणाकडे ओट्यावर बसतो. ती भिंतीवरून बघते. इथे या खोलीत ती नुसती फोटोत असते गं. तिकडे घरात असते. पोरं खेळतात, भांडणं होतात, मासळी तळतात, आणि ती बघत असते."

मला रडू आलं, पण मी रागावलेली होते आणि राग सोडायचा नव्हता. मी म्हटलं, "ते काही नाही. सगळ्यांना सांगायचं. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

"त्यांनी ते फोटो काढून टाकले तर मी कुठे जाऊ?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "पहिला फोटो कोणाचा, त्या सुंदराबाईचा ना? मग पहिल्यांदा तिथेच जायचं. मी येते बरोबर."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. सुंदराबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होती. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, दुसऱ्यालाही लागत होता, म्हणून हाताने चाचपून मिरच्या पसरत होती. "फोटोवाले आलं का? बसा," म्हणाली. आत भिंतीवर बनू होती, अबोलीचा ताजा गजरा घातलेली. तेच दाबलेलं हसू. या वेळी मी तयारीने गेले होते, तरी दाराकडे तोंड करून बसले.

भावोजी पाण्याचा तांब्या हातात धरून बसले. शेवटी मीच बोलून टाकलं. "आजी, या फोटोतले डोळे तुमच्या मुलीचे नाहीत. ते माझ्या बहिणीचे आहेत. यांच्या बायकोचे. यांनी ते लावले."

सुंदराबाईने मिरच्यांचे हात पदराला पुसले. "ठाव हाय मना," ती म्हणाली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"माजी बनू तिरली व्हती," सुंदराबाई म्हणाली. "एक डोला हिकडं, एक तिकडं. म्हनून तर लगीन ठरत नव्हतं. फोटू हातात आला तवाच कललं, ही माजी पोर नाय."

भावोजींचा आवाज फार बारीक झाला होता. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमी ज्या मायेनं त्या फोटूकडं बघत व्हते ना, ते मी बघलं. म्हटलं, या मानसाचं कोनतरी हाय ह्याच्यात. माजी गेली, तशी ह्याची बी गेलीय. काडून फेकू कुठं? राहू दे म्हटलं. दोघींना मिलून एक गजरा घालतंय."

तिने हे इतक्या साधेपणाने सांगितलं की मला माझ्या आठवडाभराच्या रागाचं काय करावं ते कळेना. भावोजींनी तांब्या खाली ठेवला. ते भिंतीकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते.

मग सुंदराबाई म्हणाली, "पन आता आलायसा तर मागतंय. माजे डोले चालले. पुढल्या सालाला दिसंल न दिसंल. त्याच्या आधी माजी पोर मना एकदा बघू द्या."

"तिरळे डोळे काढून देऊ?" भावोजी म्हणाले. "तुम्ही सांगा कसे होते, मी बसतो, तुमच्या मनासारखं होईपर्यंत काढतो."

"नको," सुंदराबाई म्हणाली. "तिला तिरली म्हनून लोक हसायचे, ती मान वर करून कोनाकडं बघायची नाय. माज्याकडं बी नाय. झोपली म्हंजे मंग मी तिला पोटभर बघायची. तुमी काडलेला तसाच द्या. डोले मिटलेला."

बनूची मूळ निगेटिव्ह स्टुडिओच्या माळ्यावर होती. भावोजींनी ती शोधली, धुळीचे डाग काढले आणि चेहऱ्यावर ब्रश न लावता प्रिंट केली. मी बघितली ती फ्रेम. ओले केस मागे सारलेले, ओठ जरा उघडे. ज्या पोरीला मी कधी भेटले नव्हते ती पहिल्यांदा मला दिसली, आणि ती मालिनीसारखी मुळीच नव्हती. मालिनीचे डोळे काढून घेतले तर चेहरा रिकामा पडेल असं भावोजींना वाटत आलं होतं. तो भरलेला होता.

फोटो द्यायला गेलो तेव्हा शेजारची भिमाबाई तिथेच होती. सुंदराबाईने जुना फोटो उतरवला, नवा खिळ्याला लावला आणि अगदी जवळ जाऊन, नाक काचेला लागेपर्यंत जवळ जाऊन बघितला. भिमाबाई म्हणाली, "अगो, मिटल्या डोल्यांचा लावतेस? घरात असला लावतात काय?"

"झोपलीय ती," सुंदराबाई म्हणाली. "झोपू दे."

मग तिने जुना फोटो पदराने पुसला आणि भावोजींच्या हातात द्यायच्या आधी थांबली. "ही सवाष्ण गेली ना?" तिने मला विचारलं. मी हो म्हटलं. "इतकी वर्सं माज्या घरात राह्यली. रिकामी कशी पाठवू?" स्वतः विधवा, म्हणून तिने भिमाबाईला पुढे केलं. भिमाबाई कुरकुरली, मेलीची ओटी, तीबी फोटूची, असं काहीतरी पुटपुटली. पण तिने तांदूळ आणले, नारळ आणला, फोटोला हळदकुंकू लावलं आणि चौकटीखाली पसरलेल्या खणात ओटी घातली. सुंदराबाईने खणाची गाठ मारून सगळं फोटोसकट भावोजींच्या हातात दिलं. माहेरवाशिणीला वाटेला लावतात तसं ती दारापर्यंत आली.

टांगा न करता आम्ही चालत स्टेशनकडे निघालो. ऊन कलतं होतं. रस्त्याच्या कडेला नव्या बिल्डिंगींसाठी खडी टाकलेली, तिच्यावरून पोरं घसरत होती. भावोजी फोटो छातीशी धरून चालले होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी मनात ठरवलं होतं की बाकीच्यांच्या घरी जायला मी सांगणार नाही. पद्मजाच्या सासूबाई मेल्यावर तरी हसऱ्या झाल्या, होऊ देत. हे त्यांना सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच बोलले.

"मालिनीची ओटी भरली होती का गं, तेव्हा?"

"भरली होती. आईने आणि काकूने."

ते थोडे चालले. "मी नव्हतो ना आत."

नव्हतेच ते. मालिनी गेली तेव्हापासून तिला खाली नेईपर्यंत भावोजी जिन्यात बसून होते. उठा म्हटलं तर उठले नाहीत, तोंड बघून घ्या म्हटलं तर नाही म्हणून मान हलवली. अग्नी दिला तोही दुसरीकडे बघून. सगळ्या तालुक्याची मेलेली तोंडं ज्याने बघितली त्याने आपल्या बायकोचं बघितलं नाही. आम्ही कधी तो विषय काढला नव्हता.

"तिचे डोळे मिटले होते का?" त्यांनी विचारलं. रस्त्याच्या मधोमध ते थांबले होते. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता, त्यांना ऐकूच येत नव्हतं.

"उघडे होते," मी म्हटलं. "मी मिटले."

"तू?"

"हो. मीच होते जवळ. हाताने वरून खाली. उजवा लगेच मिटला. डावा राहिना, पुन्हा उघडायचा. मग मी तसाच हात ठेवून बसले. तिचं कपाळ अजून गरम होतं. थोड्या वेळाने हात काढला तर मिटलेला होता. नंतर नाही उघडला."

"मग कशी दिसत होती?"

"दमून झोपल्यासारखी. पिवळी पडली होती, पण कपाळावरची आठी गेली होती. रात्री काम आटपून तुमची वाट बघताना डोळा लागायचा ना तिचा, तशी."

भावोजी रस्त्याच्या कडेला खडीच्या ढिगावर बसले आणि मोठ्याने रडायला लागले. घसरगुंडी खेळणारी पोरं घाबरून लांब जाऊन उभी राहिली. मी त्यांना नऊ वर्षांत रडताना बघितलं नव्हतं. मी त्यांच्या हातातली ओटी आणि फोटो घेतला आणि शेजारी बसले.

बऱ्याच वेळाने त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"परत सांग," ते म्हणाले. "सावकाश सांग."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.